घरची बारा शेवटी

गास, १२ सप्टेंबर १९९९

प्लासिड,

वर 'प्रिय' लिहिणार होते. राग अजून उतरलेला नाही, मग खोटं कशाला लिहू?

सख्खा भाऊ परदेशी जातो आणि त्याच घरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीला ही बातमी भावजयीकडून कळते, तीही विमान उडाल्यावर. थेरेसा बिचारी दाराशी उभी राहून पदराशी चाळा करत होती. 'बाय, ते गेले. मस्कतला. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काम लागलं.' मी म्हटलं, बरं. आणखी काय म्हणणार? स्वेटर नेलास का एवढं विचारलं. नेला नाहीस. घे तिथेच एखादा.

मे महिन्यात आपण गोठ्यासमोर जे बोललो ते सगळ्या आळीने ऐकलं. मी म्हणाले, नालासोपाऱ्याच्या हॉटेलांतलं उष्टं ड्रम भरभरून आणलंस, त्यातल्या कच्च्या मांसातून रोग आला, तूच मारलीस डुकरं. तू म्हणालास, तुझी लसच विष आहे, नऊ वर्षं बाटलीत विष कालवत बसलीस. त्यानंतर तीन महिने आपण एका छपराखाली राहिलो आणि मीठसुद्धा थेरेसामार्फत मागितलं.

असो. पत्र भांडण उकरायला लिहीत नाही. काल ऑफिसात लसींची चाचणी तपासणाऱ्या समितीचा कागद आला. तुला कळावं म्हणून त्यात काय आहे ते सांगते.

एप्रिलमध्ये आपल्या बारा डुकरांपैकी दहांना माझी लस टोचली. दोन मुद्दाम वगळली, लाल बिल्ल्याची, तुलनेसाठी. मेमध्ये डुकरांचा ताप आला आणि पंधरा दिवसांत बाराही गेली. इथवर समजण्यासारखं आहे, लस चालली नाही म्हणायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. पण आपल्या आळीत आणखी चौतीस डुकरं आहेत. अँजेलिना मावशीची चार, मर्विनची नऊ, बाकीच्यांची. त्यांना कुणी लस दिली नव्हती आणि त्यांतलं एकही साधं शिंकलं नाही. तेव्हा समितीने काय निष्कर्ष काढला? की बाहेरून रोग आलाच नाही. माझा निर्बल केलेला विषाणू डुकराच्या अंगात जाऊन पुन्हा जोरदार झाला, त्यानेच दहा मारली आणि शेजारची दोनही.

याहून वाईट गोष्ट लसीबद्दल म्हणता येत नाही. फेब्रुवारीत बैठक आहे. तिथे शिक्कामोर्तब झालं की एक्क्याऐंशीव्या पॅसेजच्या दहा कुप्या, म्हणजे माझं सगळं बियाणं, वाफेच्या भांड्यात घालून मारून टाकणार.

तू चिडवायचास ते आठवतं का? 'बाय विषाणूला शाळेत घालते आणि दर आठवड्याला नापास करते.' चिडवणं होतं, पण बरोबर होतं. डुकराच्या मूत्रपिंडाच्या पेशी बाटलीत वाढवायच्या, त्यांवर विषाणू सोडायचा, पाच दिवसांनी तिथून काढून नव्या बाटलीत, असा एक फेरा म्हणजे एक पॅसेज. असं करता करता तो काचेला सरावतो आणि डुकराला मारायचं विसरतो. डुकराच्या रक्ताला मात्र त्याची ओळख पटते, मग खरा रोग आला तरी ते तयार असतं. पुढे तो पुन्हा बिघडत नाही ना हे बघण्यात निम्मी वर्षं गेली. बाटल्यांना बुरशी लागली की मागच्या बाटलीपासून पुन्हा सुरुवात. आणि हे सगळं कशासाठी? तर जुनी लस सशांच्या प्लीहेतून काढतात. एक ससा मारला की जेमतेम काही डोस मिळतात, ते सरकारी फार्मांवरच संपतात. गासपर्यंत कधी आली ती लस? मी आणणार होते.

पत्राचं उत्तर दे.

लूर्डस


गास, ४ ऑक्टोबर १९९९

प्लासिड,

काल रविवारी फोन वाजला तेव्हा थेरेसा चर्चमधून आली नव्हती. मी उचलला. तुझा श्वास अर्धा मिनिट ऐकला आणि तू ठेवून दिलास. परदेशातून कुणी श्वास पाठवतं का रे?

उष्ट्याचं मी मागे घेते. त्या हॉटेलांमध्ये डुकराचं मांस शिजतच नाही, मी परवा स्वतः जाऊन विचारून आले. मालक माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हा तो आरोप चुकीचा होता. हे लिहिताना माझा जीव किती जड झालाय ते तुला माहीत आहे.

पण मग रोग आला कुठून आणि आपल्याच दारात का थांबला? मी लॅबमध्ये त्याच खेपेच्या बाटल्या पुन्हा तपासल्या. सहा धडधाकट पिल्लांना टोचून बघितलं. एकालाही ताप नाही. साहेब म्हणतात, 'मॅडम, लॅबमध्ये तुमची लस नेहमीच पास होते.' त्यांचं ते हसणं बघून हातातली नळी फोडावीशी वाटली.

तू काही सांगायचं राहिलंय का? विचार कर. लस टोचायची होती त्या रविवारी, अठरा एप्रिलला, काही वेगळं घडलं होतं का?

लूर्डस


गास, ३ नोव्हेंबर १९९९

प्लासिड,

गाढवा!

काल मृतांचा दिवस. संध्याकाळी सिमेंटरीत आईबाबांच्या कबरीवर फुलं आणि मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या कबरीवर अँजेलिना मावशी बसली होती. फादर पाणी शिंपडून पुढे गेले तशी ती माझा हात धरून म्हणाली, 'प्लासिडची खबर काय? देवमानूस गो तो. माज्या चारी डुकरांना पयली सुय त्याने मारली, म्हनून जगली.'

मी म्हटलं, 'कसली सुई?'

'तुजीच ना! चर्चात मिस्सा सुटल्यावर थर्मास घेऊन आला. पयला माज्या दारात, मग मर्विनकडे, मग सगल्या आलीत. बोलला, बायने पाठवलंय, पन कुनाला बोलू नका.'

मेणबत्ती माझ्या बोटावर वितळली तरी मला कळलं नाही.

तुला काय सांगितलं होतं मी? एका बाटलीत पन्नास डोस असतात, लॅबमध्ये त्याहून लहान बाटली भरत नाहीत. दहा वापर, उरलेले चाळीस चुन्याच्या खड्ड्यात ओत. तू हो म्हणालास. आणि चाळीस डोस फुकट जातील म्हणून आळीभर वाटत सुटलास! मला माहीत असायला हवं होतं. ज्या माणसाला शिळा पाव टाकवत नाही तो औषध काय टाकणार?

मग मी मावशीला विचारलं, आमच्या डुकरांना कधी टोचली त्याने? ती म्हणाली, 'शेवटी. घरचा शेवटीच ना? लगनात घरची मानसं शेवटच्या पंगतीला बसतात, तसा. बाराची घंटा झाली, मी त्याला जेवल्याबिगर सोडला नाय. भात, सुक्या बोंबलाची कडी, सगला खाल्ला. बाटली होती त्याच्या शर्टाच्या खिशात.'

शर्टाच्या खिशात! एप्रिलच्या उन्हात! सुकी लस पाण्यात कालवली की घड्याळ सुरू होतं रे. बर्फावर असेल तर काही तास तग धरते. अंगाच्या उबेला तासा-दीड तासात त्यातला विषाणू मरतो, मागे नुसतं लाल पाणी उरतं. आपल्या डुकरांना तू पाणी टोचलंस.

आणि शेवटचं ऐक. मावशी म्हणाली, मेमध्ये तलावापलीकडे पंचवीसेक डुकरं मेली. लोकांनी गुपचूप पुरली, कुणाला कळवलं नाही. म्हणजे रोग बाहेरूनच आला होता. आळीतली चौतीस जगली ती बिनलसीची नव्हती, प्लासिड. ती माझ्या लसीने जगली. आणि हे आपल्या घरात फक्त तुला माहीत होतं, आणि तू तोंडात मूग गिळून विमानात बसलास.

लिहायला बसले तेव्हा तुला झोडपायचं होतं. मध्येच थांबून स्वयंपाकघरात जाऊन रडले. थेरेसाला वाटलं आईच्या आठवणीने.

लूर्डस


गास, ५ डिसेंबर १९९९

प्लासिड,

महिना झाला. उत्तर नाही.

मला तुझी माफी नको. मला एक कागद हवा. कुणाच्या किती डुकरांना, कोणत्या क्रमाने, किती वाजता टोचलं, ते तुझ्या हाताने लिहिलेलं, खाली सही. मावशीच्या बोलण्यावर समिती विश्वास ठेवणार नाही. मर्विन तर लिहून द्यायला तयारच नाही. 'बाय, सरकारी कागदावर माझं नाव नको, उद्या विचारतील लस चोरून का घेतली.' बाकीचेही तसेच. जिवंत डुकरं दाखवतात आणि तोंड फिरवतात. अरे, तुमची डुकरं ज्याने वाचवली तोच विषाणू मारून टाकताहेत, असं मी ओरडून सांगितलं, तर एकाने चहा पुढे केला.

मी निदान रक्त तरी घेऊन आले. चौतीसमधली पाच लग्नांत आणि सणांत खाऊन झाली. एकोणतीस उरली आहेत. प्रत्येकाच्या कानाच्या शिरेतून रक्त काढताना मर्विनच्या काळ्या मादीने माझी साडी फाडली. सगळ्या नमुन्यांत प्रतिकारशक्ती आहे. पण हे रक्त लसीमुळे तयार झालं की रोग येऊन गेल्यामुळे, ते नुसत्या तपासणीवरून सांगता येत नाही. म्हणून तुझी यादी हवी.

तुला लाज वाटते हे मला कळतं. शब्द मोडलास, वर घरची डुकरं गेली, त्यांत तुझ्या लेकीच्या, ॲनिशाच्या लग्नासाठी वाढवलेली दोनही गेली. माझ्यासमोर कसं सांगणार? म्हणून मलाच विष कालवणारी ठरवलंस. लहानपणीही तू हेच करायचास. आंबे तू पाडायचास आणि रडून आधी घरी जायचास.

बैठक दहा फेब्रुवारीला आहे. तुझ्या गोदामात पोस्टाची पेटी नाही का?

लूर्डस


गास, २९ डिसेंबर १९९९

प्रिय प्लासिड,

नाताळ झाला. थेरेसाने नाताळचे कुल्कुल तळले, पिठात मीठ विसरली. ॲनिशाने गोठा धुऊन तिथेच गव्हाणीचा देखावा मांडला. रिकामाच तर होता.

आज 'प्रिय' लिहिलं, कारण आता माझी पाळी आहे.

मी तीन पत्रांत तुला विचारतेय त्या रविवारी काय झालं. त्या रविवारी मी कुठे होते हे तू मला एकदाही विचारलं नाहीस. सकाळी सहाला लॅबच्या वॉचमनचा फोन आला, वीज गेली, डीप फ्रीजर बंद. आत सगळं बियाणं. थर्मास आणि सुया तुझ्या हातात कोंबून मी पळाले. दिवसभर बर्फाच्या लाद्या वाहिल्या. चाचणीचा नियम काय? लस डॉक्टरने स्वतः टोचायची. तारीख पुढे ढकलली असती तर परवानगीसाठी पुन्हा सहा महिने. म्हणून सोमवारी मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सकाळी नऊ ते साडेनऊ या वेळात लस मी स्वतः टोचली.' खाली सही केली. डॉ. लूर्डस लोपीस.

मे महिन्यात तुझ्यावर एवढ्या मोठ्याने का ओरडले, ते आता कळलं असेल. मी तिथे असते तर बाटली तुझ्या खिशात गेलीच नसती. हे मला तेव्हाही आतून ठाऊक होतं.

आता अडचण बघ. तुझी यादी समितीपुढे ठेवली की माझी सही खोटी ठरते. सही खरी ठेवली की लस खोटी ठरते. गेले चार आठवडे तुझ्यावर चिडचिड करत होते, आणि खरं सांगायचं तर तुझं पत्र येत नाही म्हणून मनात कुठेतरी बरंही वाटत होतं. यादी आली नाही तर मला काही ठरवावंच लागणार नाही. आठ वर्षांनी मी निवृत्त होईन. साहेबांच्या निरोपसमारंभात हार घालेन. छान चाललं असतं.

पण परवा तलावापलीकडे गेले होते. सत्यवती नावाच्या बाईने मला मोकळा गोठा दाखवला. सहा डुकरं होती, त्यांवर घर चालायचं. ती म्हणाली, 'डाक्टरीनबाय, त्या बाजूची जगली, आमची मेली. आमचा काय चुकला?' मला उत्तर माहीत होतं. आळीभर देऊनही काही डोस उरले होते तुझ्याकडे, आणि तुझी ओळख आळीपुरतीच होती, एवढंच.

यादी पाठव. मी काय करायचं ते मी बघेन.

बाय


गास, २० जानेवारी २०००

प्रिय प्लासिड,

रजिस्टर्ड पत्र मिळालं. तिथेच दारात उघडलं. आत एकच कागद. चर्चच्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान, मागच्या बाजूला यादी. म्हणजे तू ती त्याच दिवशी लिहिली होतीस, आणि मस्कतला जाताना बरोबर नेलीस! नऊ महिने हा कागद तुझ्याजवळ होता. एक ओळ नाही. 'लूर्डस' नाही, 'बाय' नाही, कशी आहेस नाही. पोस्टमनसमोरच मी तुला चार शिव्या घातल्या.

मग वाचली. तुझी वेळ लिहायची तऱ्हा बघून हसू आलं. 'अँजेलिना मावशी, चार, मिस्सा सुटल्याबरोबर.' 'मर्विन, नऊ, दुसरी मिस्सा लागायच्या आत.' 'कॉन्रॅड, पाच, दुसरी मिस्सा चालू.' अशी चौतीस, आणि शेवटचं घर 'बाराच्या घंटेला, बर्फ संपला'. मी चर्चमध्ये जाऊन मिस्सांच्या वेळा लिहून आणल्या. बारापर्यंत बाटली बर्फात होती. बारापर्यंतचं एकही मेलं नाही.

सगळ्यात खाली: 'आपली बारा, पावणेतीन.'

बारा! दहा नाही. लाल बिल्ल्याची दोन वगळ असं तीनदा बजावलं होतं. तुझ्याने वगळवली नाहीत ना? दहाला द्यायचं आणि दोघांना उपाशी ठेवायचं हे तुला जमलं नाही. शास्त्राची तू पार वाट लावलीस. मी तो कागद छातीशी धरून बसले.

बाय


गास, १२ फेब्रुवारी २०००

प्रिय प्लासिड,

झालं एकदाचं.

पाच जण टेबलापलीकडे. मी यादी ठेवली, रक्ताचे अहवाल ठेवले, तलावापलीकडे मेलेल्या डुकरांची हकीकत ठेवली. अध्यक्षांनी चष्मा वर करून कॅलेंडरचं पान उलटसुलट केलं. 'हे काय आहे? दुसरी मिस्सा चालू?' मी सांगितलं, साडेनऊ. 'आणि रजिस्टरमध्ये तर तुम्ही स्वतः टोचल्याचं लिहिलंय.'

मी म्हणाले, 'ते खोटं आहे.'

साहेब पहिल्यांदाच हसले नाहीत.

दोन तास बाहेर बाकावर बसवलं. मग निकाल दिला. कुप्या मारायच्या नाहीत. पुराव्यात दम आहे पण पद्धत अजिबात नाही, असं म्हणाले, आणि ते खरंच आहे. बियाणं दुसऱ्या राज्यातल्या लॅबला देणार, चाचणी नव्याने होणार, दुसऱ्या माणसांच्या हातून. माझं नाव त्या कामावरून काढलं. लेखी ताकीद मिळाली. आणि बदली कुठे, ओळख बघू? सशांच्या विभागात. ज्या लसीला कंटाळून दहा वर्षं बाटल्या धुतल्या तीच आता प्लीहा कापून बनवायची. सोमवारपासून. रागाने काल दिवसभर जेवले नाही. थेरेसाने ताट झाकून ठेवलं ते मांजराने खाल्लं.

मला त्या कुप्यांना हातही लावू दिला नाही. एक पोरगेलासा माणूस आला, खोक्यात बर्फ भरला, सही घेतली, घेऊन गेला. मी दारातून ओरडले, 'बर्फ दर चार तासांनी बघा!' त्याने मान हलवली. बघेल की नाही देव जाणे.

नवीन चाचणीची गावं ठरली. आपल्याकडचं एकही नाही. सगळं नीट झालं तर दोन-तीन वर्षांनी इकडे येईल, आणि आली तरी गासचा नंबर शेवटचाच. मावशीला सांगितलं तर ती म्हणते, 'मग काय झाला? घरचा शेवटी.' मला तिचा गळा दाबावासा वाटला.

आणखी एक. जायच्या आधी त्यांनी माझ्याकडून रजिस्टर दुरुस्त करून घेतलं. 'लस टोचणाऱ्याचं नाव' या रकान्यात माझी सही होती. ती लाल शाईने खोडायला लावली आणि खरं नाव लिहायला सांगितलं. मी लिहिलं, प्लासिड लोपीस, शेतकरी, गास. त्याच्यापुढे जनावरांची संख्या सेहेचाळीस, जगली चौतीस. माझ्या दहा वर्षांच्या कामात डुकरं जगल्याची ही एकच नोंद आहे आणि ती तुझ्या नावावर आहे. खोडलेल्या सहीखाली तुझं नाव स्वच्छ अक्षरात काढलं. शाळेत तुझ्या वह्यांना कव्हर घालून नाव काढायचे, तसं.

थेरेसाने कामणहून दोन पिल्लं आणली आहेत. ॲनिशा त्यांना गोठ्यात निजवते. त्यांना कुठलीच लस नाही. मी सशांच्या विभागातून दोन डोस मागून घेईन, यावेळी रीतसर अर्ज करून. तू मेमध्ये सुट्टीला येशील तेव्हा तूच टोच. थर्मास माझ्या हातात राहील, आणि त्या दिवशी आपली दोन आधी. आळीतलं कुणी काही म्हणालं तर मी बघून घेईन.

उद्यापासून दर रविवारी तुझ्या फोनच्या वेळेला थेरेसाला मी मिस्साला पाठवणार आहे. फोन मी उचलणार. ठेवू नकोस.

बाय